कवड्यांची माळ हेडसेटमध्ये ताठ का होते?

(या वेळच्या टपालात अवतारांचीच पत्रं जास्त निघाली. ज्यांना हा शब्द नवा असेल त्यांच्यासाठी: आभासी जगात हेडसेट घालून शिरल्यावर आपल्या जागी जी त्रिमितीय आकृती इतरांना दिसते, तो आपला अवतार. व्हीआरचॅट हे असंच एक आभासी जग. तो आपण स्वतः घडवू शकतो, आणि तिथूनच सगळी रडकथा सुरू होते.)

प्रश्न : ताई, नमस्कार. मी तुळजापूरचा. आमच्या घरी गोंधळाची परंपरा आहे, आजोबा आणि वडील दोघंही संबळ वाजवतात. मी ब्लेंडर (त्रिमितीय आकृत्या घडवायचा प्रोग्राम) शिकून व्हीआरचॅटसाठी गोंधळ्याचा अवतार केला. झगा, पगडी, कपाळावर मळवट, गळ्यात कवड्यांची माळ, हातात पेटती दिवटी. मेन्यूतलं बटण दाबलं की संबळ वाजतो. माझ्या लॅपटॉपवर सगळं झकास दिसतं. पुण्याच्या चुलतभावाकडे क्वेस्ट २ हेडसेट आहे. त्याला आधी माझ्या जागी भलतंच बाहुलं दिसायचं. मग मी शेडर (पृष्ठभागाचा रंग-उजेड ठरवणारा छोटा प्रोग्राम) बदलून अँड्रॉइडसाठी पण अपलोड केलं. तरी त्याला माझ्या नावावर जाऊन ‘अवतार दाखवा’ म्हणावं लागलं, आणि दिसला तो कसा? दिवटी आहे पण उजेड नाही, संबळ मुका, माळ सळईसारखी ताठ, आणि गोंड्यांच्या जागी पांढऱ्या पट्ट्या. वडिलांना दाखवायचं होतं, पण लाज वाटून दाखवलं नाही. माझं काय चुकलं? — एक वाचक, तुळजापूर

उत्तर : वडिलांना दाखवा हो. दिवटी विझली म्हणून ते काही रागावणार नाहीत.

माझी एक फजिती सांगते. नांदेडला आमचं फ्लेक्सचं दुकान होतं. एकदा आमचं मशीन बंद पडलं, म्हणून एका जयंतीच्या बॅनरची फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन मी परभणीच्या प्रेसला गेले. माझ्या कॉम्प्युटरवर अक्षरं सुंदर दिसत होती. तिथल्या कॉम्प्युटरवर आमचा मराठी फाँट नव्हता, आणि मी अक्षरांचं ‘कर्व्ह’ करायला, म्हणजे त्यांचं चित्र करून ठेवायला, विसरले होते. रात्री घाईघाईत छापलं. सकाळी चौकात वीस फुटी बॅनर लागला, त्यावर अध्यक्षांच्या नावाच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि स्वल्पविरामांची खिचडी. फाइल तीच होती. ती उघडणारं घर बदललं होतं.

तुमच्या अवताराचंही तसंच झालंय. ब्लेंडरमध्ये केलेली आकृती जशीच्या तशी समोरच्याकडे जात नाही. युनिटी, म्हणजे अवतार अपलोड करण्याआधी जिथे जुळवतात ते सॉफ्टवेअर, तिचं एक बंद गाठोडं बांधतं, विंडोजसाठी वेगळं आणि अँड्रॉइडसाठी वेगळं. व्हीआरचॅट दोन्ही एकाच ओळखक्रमांकाखाली ठेवतं, आणि पाहणाऱ्याचं यंत्र आपल्या जातीचं गाठोडं उतरवून घेतं. क्वेस्ट आतून अँड्रॉइडच आहे. पहिल्या वेळी तुम्ही फक्त विंडोजचं गाठोडं ठेवलं होतं, म्हणून भावाला बदली बाहुलं दिसलं.

आता माळ. तुम्ही फाइल जोडली ते बरं केलं, मी मोजून पाहिलं. आभासी आकृती छोट्या त्रिकोणांची बनलेली असते. १०८ कवड्या, एकेका कवडीत ६४० त्रिकोण. म्हणजे ६९,१२० त्रिकोण नुसत्या माळेत! व्हीआरचॅटमध्ये पीसीवर ७०,००० त्रिकोण ओलांडले की अवतार थेट ‘व्हेरी पुअर’ या सगळ्यात खालच्या पायरीवर जातो. क्वेस्टवर तीच रेघ २०,००० ला आहे, आणि तिथे व्हेरी पुअर अवतार आपोआप झाकले जातात. भावाला ‘दाखवा’ म्हणावं लागलं ते म्हणून.

ही रेघ कंजूषपणाने ओढलेली नाही. हेडसेटला दोन डोळ्यांसाठी दोन चित्रं काढावी लागतात, तीही सेकंदाला निदान ७२ वेळा. म्हणजे एका खेपेला जेमतेम १४ मिलिसेकंद मिळतात, आणि तेवढ्यात खोलीतले पंधरा-वीस अवतार, भिंती, आरसा, सगळं उरकायचं. हे काम करते मोबाइलच्या जातीची चिप, डोळ्यांसमोर पट्ट्याने बांधलेली. चित्र मागे पडलं तर फक्त दिसायला वाईट होत नाही, माणसाला मळमळतं.

तेव्हा कवडी हलकी करा. जुनी ६४० त्रिकोणांची कवडी टाकू नका, तिच्यावरून ‘नॉर्मल मॅप’ बेक करून, म्हणजे छापून, घ्या. कवडीच्या फटीतले ते बारीक दात, तिचा फुगीरपणा, हे सगळं एका चित्रात उतरतं. ते चित्र २४ त्रिकोणांच्या ओबडधोबड कवडीवर चढवा. १०८ गुणिले २४ म्हणजे २,५९२. हातभर अंतरावरून फरक कळत नाही, आणि गोंधळ्याच्या गळ्याजवळ नाक नेऊन कवड्या तपासणारा विरळाच. फक्त शेडर ‘स्टँडर्ड लाइट’ (Standard Lite) घ्या. तुम्ही घेतलेला ‘टून लिट’ नॉर्मल मॅप वाचतच नाही.

माळ ताठ होण्याचं कारण वेगळं आहे. तुम्ही प्रत्येक कवडीला एक बोन (आकृती हलवणारं आभासी हाड) दिला आहे. डोलणाऱ्या वस्तूंसाठी व्हीआरचॅटमध्ये जे फिझबोन्स आहेत, त्यांना क्वेस्टवर ८ घटक आणि ६४ बोनांची हद्द आहे. ती ओलांडली तर जास्तीचे तेवढे काढून बाकीचे ठेवत नाहीत. सगळेच काढून टाकतात. म्हणून तुमच्या झग्याचा घेरही हलेनासा झाला असणार, तुम्ही ते लिहिलं नाहीत एवढंच.

इथे एक खोच आहे, ती मला दोन रात्री घालवून कळली. फिझबोनची साखळी एका टोकाला बांधलेली आणि दुसऱ्या टोकाला मोकळी असते, शेपटीसारखी. माळ मात्र दोन्ही खांद्यांवरून येते, तिला मोकळं टोकच नाही. डावीकडून एक आणि उजवीकडून एक साखळी केली तर नाचताना माळ मधोमध फाटते. मी असं करते: माळेचा वरचा, खांद्यावरचा भाग सरळ छातीच्या बोनला जोडून टाकायचा. खालचा लोंबता भाग छातीपासून निघणाऱ्या तीन बोनांच्या एकाच साखळीला द्यायचा, आणि मधल्या कवड्यांचं वजन (त्या कुणामागे किती हलतील ते) दोघांत वाटायचं. माळ एकसंध झोका घेते. झग्याच्या घेराला बारा-पंधरा बोन द्या, ते पुष्कळ झाले.

दिवटी. क्वेस्टवर अवताराच्या अंगावरचे दिवे बंद असतात, सगळेच. ज्योतीच्या टेक्स्चरला (वर चढवलेल्या चित्राला) ‘एमिशन’ द्या, म्हणजे अंधाऱ्या जागीही ती स्वतः उजळ दिसेल. वर ठिणग्यांसाठी ‘अ‍ॅडिटिव्ह’ शेडरचे थोडे पार्टिकल (सुटे उडते ठिपके) टाका. तुमच्या चेहऱ्यावर तांबूस उजेड मात्र पडणार नाही. पीसीच्या गाठोड्यात खरा दिवा राहू द्या हवं तर, पण तिथेही एकच.

संबळाला माझ्याकडे उपाय नाही. अवतारावर लावलेला आवाज क्वेस्टवर वाजत नाही. पण तुमच्या घरात दोन माणसं खरा संबळ वाजवतात ना? माइक त्यांच्याजवळ ठेवा. व्हीआरचॅटचा माइक माणसाच्या बोलण्यासाठी बेतलेला आहे, त्यामुळे सेटिंगमधली ‘नॉइज सप्रेशन’ बंद करा, नाहीतर ते संबळालाच गोंगाट समजून गिळून टाकील.

गोंड्यांच्या पांढऱ्या पट्ट्या म्हणजे पारदर्शकपणाचा अभाव. तुम्ही धाग्यांचं चित्र सपाट पट्टीवर चिकटवून मधली जागा पारदर्शक केली होती. ठिणग्यांचा शेडर सोडला तर क्वेस्टवर अवताराच्या शेडरना पारदर्शकपणा कळत नाही, ते सगळी पट्टी भरीव रंगवतात. गोंडा निमुळत्या सुळक्यांनी करा, पाच-सहा पुरे.

आणि मळवट उत्तम उतरलाय. त्याला हात लावू नका.

प्रश्न : माझी आई पैठणला हातमागावर पैठणी विणते. मी तिच्या एका साडीचा फोटो घेऊन अवताराला नेसवली. मोर, काठ, सगळं आलं, पण धूपछाँव येत नाही. साडी प्लास्टिकच्या टेबलक्लॉथसारखी दिसते. आई म्हणाली, ही पैठणी नाही. — एक वाचक, पैठण

उत्तर : आई बरोबर आहे. धूपछाँव फोटोत मावत नाही. ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या रंगाचा, म्हणून बघण्याचा कोन बदलला की कधी हा रंग वर येतो कधी तो. फोटो म्हणजे एकाच कोनातून धरलेला एकच क्षण.

पीसीवर पॉयोमी किंवा लिलटूनसारख्या शेडरमध्ये कोनाप्रमाणे रंग बदलायची सोय आहे. क्वेस्टवर ते चालत नाहीत, तिथे व्हीआरचॅटने दिलेले मोजकेच शेडर. पण त्यातला एक तुमच्या कामाचा आहे, ‘मॅटकॅप लिट’. मॅटकॅप म्हणजे एका चेंडूचं चित्र. पृष्ठभाग बघणाऱ्याकडे जितका कललेला असेल, त्या हिशेबाने चेंडूवरच्या त्या जागेचा रंग तो उचलतो. तेव्हा चेंडू असा रंगवा की मध्ये जांभळा आणि कडेकडेला मोरपंखी. साडीच्या मूळ टेक्स्चरमधून जांभळा रंग काढून टाका आणि ते फिकट राखाडी ठेवा, कारण दोन्ही रंग एकमेकांत गुणले जातात. जांभळ्यावर जांभळा म्हणजे काळोख.

सोनेरी जरतारही साडीच्याच मटेरियलमध्ये (शेडर आणि चित्राच्या जोडीत) ठेवलीत तर ती मळकट होईल, तिला सोनेरी चेंडूचं दुसरं मटेरियल द्या. म्हणजे अंग एक, साडी एक, जरतार एक, अशी तीन मटेरियलं. क्वेस्टवर चारपर्यंत चालतात, पण दोनच्या वर गेलात की दर्जा ‘पुअर’ होतो. मी पैठणीसाठी तो पत्करला असता.

आणखी एक. पदर सपाट सोडू नका. सपाट पृष्ठभागाचा कोन सगळीकडे सारखा, म्हणून अख्खा पदर एकाच रंगाचा दिसेल. त्यात सात-आठ हलक्या घड्या खऱ्या जाळीत (त्रिकोणांच्या विणीत) घाला, प्रत्येक घडीचा उतार वेगळा. मग चालताना रंग पळतो. आईला दाखवा आणि काय म्हणाली ते कळवा. माझ्यापेक्षा तिचा शब्द मोठा.

प्रश्न : अवताराच्या मेन्यूत मी दागिन्यांचे आणि चेहऱ्याचे ३४ स्लायडर केले. आता अपलोडच होत नाही, पॅरामीटर (मेन्यूतून बदलणाऱ्या किमती) जास्त झाले म्हणतंय. काही ‘लोकल’ केले तर अपलोड झालं, पण मैत्रिणीला माझी नथ दिसतच नाही. — एक वाचक, जालना

उत्तर : व्हीआरचॅट एका अवताराची जी माहिती इतरांपर्यंत पोचवतं, तिला २५६ बिटांची हद्द आहे. स्लायडर म्हणजे फ्लोट (अपूर्णांकातही बदलणारी किंमत), तो ८ बिट खातो. ३४ गुणिले ८, २७२. तुम्ही १६ बिटांनी हुकलात.

नथ आहे किंवा नाही, यात अधलंमधलं काय असतं? तिथे स्लायडर कशाला? चालू-बंद अशा बूलला १ बिट पुरतो. साडीचे नऊ रंग नऊ बटणांनी केले असतील तर एकच इंट (पूर्ण संख्या) घ्या, ८ बिटांत ० ते २५५ असे २५६ पर्याय बसतात. ‘लोकल’ केलेलं फक्त तुमच्या यंत्रावर राहतं, म्हणून मैत्रिणीला नथ दिसली नाही. लोकल ठेवायचंच असेल तर जे फक्त तुम्हालाच बघायचंय ते ठेवा. आणि अँड्रॉइडच्या गाठोड्यात पॅरामीटरची यादी अगदी त्याच क्रमाने ठेवा, नाहीतर तुम्ही नथ घालाल आणि समोरच्याला तुमचे डोळे मिटलेले दिसतील. हसू नका, माझं झालंय.

प्रश्न : ताई, आमचं लेकरू अकरावीला आहे. लॅपटॉपवर ते व्हीआरचॅट का काय खेळतं. कुणाकडून तरी १,२०० रुपयांना ‘मॉड’ घेतला आणि खातं बंद झालं. आता एक ओळखीचे म्हणतात अवतार बदलणं म्हणजे पण मॉडिंगच, तेही बंद करा. दिवसभर तो अवतारच करत बसायचा, त्याचं त्याला फार. काय करावं? — एक पालक, परभणी

उत्तर : काका, दोन गोष्टींना एकच शब्द वापरतात, त्यातून हा घोटाळा झाला. अवतार घडवणं, त्याचे कपडे बदलणं, हे व्हीआरचॅटने दिलेल्या साहित्यातूनच करायचं असतं आणि त्याला पूर्ण मोकळीक आहे. तुमच्या मुलाने १,२०० रुपयांना घेतलं ते बहुधा मूळ प्रोग्रामलाच छेद देणारं काहीतरी. जुलै २०२२ मध्ये व्हीआरचॅटने ‘ईझी अँटी-चीट’ हे फेरफार रोखणारं सॉफ्टवेअर बसवलं, तेव्हापासून असे सगळे फेरफार बंद आहेत, चांगल्या हेतूचे असले तरी. त्या वेळी खूप आरडाओरडा झाला, कारण कानाने अधू असलेल्यांना मदत करणारे मॉडही त्यात गेले. तो निर्णय कठोर होता असं मला आजही वाटतं. पण नियम आहे तो आहे.

खात्यासाठी व्हीआरचॅटच्या अधिकृत मदत पानावरूनच अर्ज करा, आणि मुलालाच लिहू द्या, काय घेतलं ते खरं खरं. ‘खातं सोडवून देतो, एवढे पैसे द्या’ म्हणणारा कुणी भेटला तर तो पहिल्याचाच भाऊबंद समजा.

पैसे देऊन ‘तयार अवतारांचा पॅक’ घेऊ नये हेही त्याला सांगा. बरेचदा ते दुसऱ्याच्या बांधलेल्या गाठोड्यातून ओरबाडलेले असतात. ते युनिटीत उघडले की शेडर सापडत नाहीत आणि सगळं अंग भडक गुलाबी दिसतं, मूळ ब्लेंडर फाइल नसते, काही दुरुस्त करता येत नाही. चोरीचा बैल बाजारात विकता येत नाही, तसं.

अवतार करत बसतो म्हणून काळजी करू नका. त्याला येतंय त्यात हाडांची रचना आहे, उजेडाचं गणित आहे, बिटांचा हिशेब आहे. एकदा संध्याकाळी त्याच्याशेजारी बसा आणि ‘हे काय केलंस’ एवढं विचारा.

प्रश्न : एकदा केलेला अवतार सगळ्या व्हीआर अ‍ॅपमध्ये नेता येईल असा एकच फॉरमॅट आहे का? — एक वाचक, उदगीर

उत्तर : त्याच्या सगळ्यात जवळ जातो तो व्हीआरएम. जपानमध्ये २०१८ साली निघाला, जीएलटीएफ २.० या खुल्या फॉरमॅटवर बेतलेला, १.० आवृत्ती २०२२ ची. त्यात एक गोष्ट मला फार आवडते. हा अवतार कुणी घालावा, विकावा की नाही, बदलावा की नाही, ही परवानगी फाइलच्या आतच लिहिलेली असते. क्लस्टरसारखी जपानी जगं तो थेट घेतात. पण व्हीआरचॅटमधले मेन्यू, बटणं, फिझबोन्स त्यातून जात नाहीत. केस-पदर डोलायचे असतील तर व्हीआरएमच्या स्प्रिंग बोनमध्ये पुन्हा बसवावे लागतात, आणि शेडरही त्याचा वेगळा, एमटून. रेझोनाइट या आणखी एका आभासी जगात मॉडेल जगाच्या आतच आणून टाकता येतं, बाकीची जुळवाजुळव तिथे उभं राहून करायची. मेटाच्या होरायझन वर्ल्ड्समध्ये तर आपलं मॉडेल नेताच येत नाही, त्यांच्याच डब्यातून डोळे-नाक निवडायचे. त्यांच्या अवतारांना पाय फुटले तेसुद्धा २०२३ मध्ये.

म्हणून ब्लेंडरची मूळ फाइल नीट जपा, हार्ड डिस्कवर आणि घराबाहेर एका ठिकाणी. बोनांची नावं सुरुवातीपासून सरळ ठेवा. प्रत्येक जगासाठी तिच्यातून वेगळी प्रत कापायची.

प्रश्न : ताई, तुमचा स्वतःचा अवतार कसा आहे? — एक वाचक, हिंगोली

उत्तर : ४,८०० त्रिकोण, एक मटेरियल. सुती साडी, खांद्यावर पर्स, नाकावर चष्मा. चष्म्याला काचा नाहीत, पारदर्शक काच क्वेस्टवर भरीव पांढरी होते आणि मी आंधळी कोशिंबीर खेळतेय असं वाटतं. नुसत्या दांड्या आहेत. आजवर एकानेही विचारलं नाही.